गावची यात्रा कधी असते, हे आधी विचारा

प्रश्न एका मुलीचा आहे. ती कोरेगाव तालुक्यातली, समाजकार्याची पदवी नुकतीच घेतलेली, आणि परदेशी निधीवर माण तालुक्यात चालणाऱ्या प्रकल्पात पुढच्या महिन्यात रुजू होणारी. तिने लिहिलंय: "एका सरांनी शिकवलं की संस्कृती हा विकासातला अडथळा असतो. दुसऱ्या मॅडमनी शिकवलं की विकास संस्कृती बुडवतो. प्रत्यक्ष कामात यातलं खरं काय निघतं?"

मी माण, खटाव, आटपाडी आणि जत या सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यात चोवीस वर्षं काम करते आहे. पाणलोट, बचतगट, थोडं आरोग्याचं काम. तुमच्या सरांच्या आणि मॅडमच्या वाक्यांत मला एकच चूक दिसते. दोघांनीही संस्कृती फक्त गावाच्या पदरात टाकली आहे. विकास घेऊन येणाऱ्यांची स्वतःची चालरीत असते, त्यांचे सणवार असतात, त्यांचे शुभ-अशुभ आकडे असतात, हे दोन्ही वाक्यांत कुठेच नाही. माझ्या डोळ्यांदेखत फसलेले बहुतेक प्रकल्प दोन चालरीतींची ओळखच न झाल्याने फसले. आणि जे तरले, त्यांतही गावच्या चालीने कोणाला बाहेर ठेवलंय हे बघितलं नाही, तर लाभ आधीच पुढे बसलेल्यांनाच मिळाला.

अडथळ्याची ही कल्पना कुठून आली ते थोडक्यात सांगते. जानेवारी १९४९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांनी 'अविकसित' प्रदेशांना तांत्रिक मदत देण्याचा कार्यक्रम जाहीर केला. आपल्याकडे २ ऑक्टोबर १९५२ ला समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला, त्याला अमेरिकी मदत होती आणि फोर्ड फाउंडेशनचा पैसाही होता. दहिवडीच्या पंचायत समितीत आपण ज्यांना बीडीओ (गटविकास अधिकारी) म्हणतो ते पद आणि ग्रामसेवकाची कल्पना तिथून रुजली. त्या काळच्या विचारात गावकरी म्हणजे जुन्या सवयींत अडकलेला माणूस, आणि त्याला बाहेर काढणं हे काम. पुढे १९८२ मध्ये युनेस्कोने मेक्सिकोत परिषद भरवून संस्कृतीला विकासाचा पाया म्हटलं, १९८८ ते १९९७ हे दशकही त्यासाठी जाहीर झालं. तरी २०१५ मध्ये शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं ठरली तेव्हा संस्कृतीला स्वतंत्र उद्दिष्ट मिळालं नाही. वारशाचं जतन हा मुद्दा शहरांसाठीच्या अकराव्या उद्दिष्टाखाली गेला.

आता तुमच्या कामाकडे येते, कारण तुम्हालाही माणमध्येच जायचं आहे.

एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि माणमध्ये ५०० मिलिमीटर झाला तर लोक वर्ष बरं गेलं म्हणतात. म्हणून पाणलोटाचं काम इथे लोकांना पटवावं लागत नाही. माझ्या नोकरीच्या चौथ्या वर्षी एका गावात आम्ही परदेशी मदतीतून असं काम घेतलं. सलग समतल चर, माती बांध, गायरानावर झाडं. अटी नेहमीच्या होत्या: श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी. या अटी परदेशातून आल्या असं समजू नका. महाराष्ट्रातल्याच गावांच्या अनुभवातून त्या निघाल्या आणि १९९० च्या दशकात देणगीदारांच्या करारांत जाऊन बसल्या. ग्रामसभेत ठराव एकमताने झाला. टाळ्या पडल्या, नारळ फुटला, फोटो गेले.

ग्रामसभा जानेवारीत होती. धनगरवस्तीवरची माणसं दिवाळी झाली की मेंढरं घेऊन बाहेर पडतात, कोणी कृष्णाकाठाला, कोणी कोकणाकडे. वस्तीवर मागे राहतात ती म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. म्हणजे ज्यांचा विरोध झाला असता ती सगळी घरं ठरावाच्या दिवशी वाटेवर होती. एकमत झालं ते असं. आम्हाला हे जूनमध्ये कळलं. मृगाच्या तोंडावर वाडे, म्हणजे मेंढरांसह फिरणारे धनगरांचे तळ, परत आले, आणि राखणदाराने पहिल्याच आठवड्यात मेंढरं अडवून दंड मागितला.

मी समजूत घालायला वस्तीवर गेले. एक म्हातारी दगडावर बसून लोकर पिंजत होती. माझं सगळं ऐकून घेतलं, आणि मान वर न करता म्हणाली, "बाय, चर खांदलं ते ब्येस केलं. पर आमी नसताना आमचं रान कुणी इकलं?" मी म्हणाले, विकलेलं नाही, गवत कापून न्यायला मोकळीक आहे. तेव्हा तिने हात थांबवला. "कापल्यालं गवात म्हशी खात्यात. मेंढरू फिरत्यालं खातं."

मला तोवर हे सुचलंच नव्हतं. कापून नेण्याची मुभा ज्यांच्या गोठ्यात म्हशी होत्या त्यांच्या कामाची होती. जे दूध डेअरीला घालत होते, गावकीच्या बैठकीत पुढे बसत होते, त्यांच्या दारात आमच्या गायरानाचं गवत जाऊन पडलं. आणि हेच शेतकरी खळी उरकली की धनगरांना बोलावणं धाडतात, आमच्या रानात मेंढरं बसवा म्हणून. एका रात्रीच्या लेंडी-मुताची किंमत धान्यात किंवा पैशांत देतात, कारण तेवढं खत विकत आणणं परवडत नाही. हे देणंघेणं कुठेही लिहिलेलं नाही, आणि आमच्या अहवालात त्याला रकाना नव्हता.

तोडगा त्या म्हातारीच्याच बोलण्यातून निघाला. गायरानाचे तीन भाग केले. दोन बंद, एक उघडा, आणि दरसाल फिरवायचे. मारवेल आणि पवन्या ही गवतं नीट उगवून बी पडेपर्यंत भाग बंद, मग खुला. गावात हे दोन बैठकींत ठरलं. देणगीदाराला पटवायला आठ महिने गेले, कारण त्यांच्या नमुन्यात 'चराईबंदी आहे का' यापुढे होय आणि नाही असे दोनच चौकोन होते. शेवटी त्यांच्याकडचे एक अधिकारी स्वतः पावसाळ्यात आले, दोन दिवस वस्तीवर राहिले, आणि त्यांनी नमुना बदलून घेतला. मी त्यांची आजही कृतज्ञ आहे. त्यांच्या चालीत कागदाला गावाइतकाच मान असतो आणि कागद बदलायला लागणारं धैर्य साधं नसतं.

पाहणीच्या प्रश्नावलीबद्दलही बोलायला हवं, कारण पहिल्या सहा महिन्यांत तुमच्याकडून तेच करून घेतील. इंग्रजीतून उतरवलेला एक प्रश्न हमखास असतो: "तुमच्या घरात आर्थिक निर्णय कोण घेतं?" बाई पदर सावरते आणि सांगते, "मालक." हजार घरांत हेच उत्तर, की निष्कर्ष तयार: या भागातल्या स्त्रियांना निर्णयाचा अधिकार नाही. मी नंतर असं विचारायला लागले: शेवटची शेळी कधी विकली? बाजारात कोण घेऊन गेलं? किंमत कुणी तोडली? पैसे आधी कुणाच्या हातात आले? मग कहाणी निराळीच निघते. शेळी, कोंबडी, भिशी हे बाईच्या हातात. बैल, विहीर, सोसायटीचं कर्ज हे पुरुषाच्या. नवऱ्याचं नाव पुढे करणं ही पाहुण्यासमोरची रीत आहे, तो हिशोब नव्हे. अर्थात उलटंही विसरू नका. शेळी बाईची असली तरी सातबारा तिच्या नावावर नाही, आणि विहीर खोदायला कर्ज काढताना तिला कुणी विचारत नाही.

तसंच "व्हय" या शब्दाचं. गाडीतून आलेल्या पाहुण्याला नाही म्हणणं इथे अवघड जातं. योजना आवडली का? व्हय. उपयोग झाला का? व्हय की. चहा घेतल्याशिवाय जाऊ नका. खरं उत्तर हवं असेल तर तिसऱ्यांदा जा, वही न काढता, आणि भांडी घासताना तिच्याशेजारी बसा.

याच माणमध्ये म्हसवडला १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. चेतना सिन्हा आणि गावातल्या बायकांनी परवान्यासाठी अर्ज केला तेव्हा रिझर्व्ह बँकेने आधी नकार दिला, कारण प्रवर्तक म्हणून बायकांचे अंगठे होते. बायका लिहायला शिकल्या, पुन्हा अर्ज केला, आणि आम्हाला व्याजाचा हिशोब तोंडी करता येतो हेही अधिकाऱ्यांना सांगितलं. आज जगभरातले लोक ही बँक बघायला येतात. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की भिशीची सवय आणि तोंडी हिशोब गावात आधीपासून होता. त्यावर बँक उभी राहिली. पण अंगठ्यावर कोणी थांबलं नाही. जे होतं त्याचा मान राखला आणि जे नव्हतं ते मिळवलं.

आता तुमच्या सरांची बाजू घेते. चालीरीती माणसं मारतातही. जनगणना २०११ मध्ये सांगली जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८६७ मुली होत्या. राज्याचा आकडा ८९४, आणि गरीब, आदिवासी गडचिरोलीत ९६१. ऊस, साखर कारखाने, दवाखाने, रस्ते, सगळं सांगलीत जास्त. मुलगाच हवा ही चाल जुनी होती, सोनोग्राफीचं यंत्र नवं होतं, आणि त्या यंत्रापर्यंत पोचायला लागणारा पैसा बागायतीने दिला. विकास आला की वाईट चाली आपोआप गळून पडतात असं कुणी म्हणालं तर त्याला हे तीन आकडे दाखवा. साताऱ्यात नको असलेल्या मुलीचं नाव 'नकुशी' ठेवायची रीत होती, म्हणजे पुढचा तरी मुलगा होईल. ऑक्टोबर २०११ मध्ये जिल्हा परिषदेने समारंभ करून २८५ मुलींची नावं बदलली. नाव बदलून घरातला हिशोब लगेच बदलत नाही हे मला माहीत आहे, तरी त्या समारंभाचं मोल मी कमी मानत नाही. शाळेच्या हजेरीत रोज 'नकुशी' अशी हाक येणं काय असतं, हे मी एका मुलीच्या शेजारी बसून ऐकलेलं आहे. ती 'हजर' म्हणायची ते खाली बघून.

पैसे देणाऱ्याची संस्कृती कशी दिसते याचं सगळ्यात उघड उदाहरण सांगलीचं आहे. 'संग्राम' ही संस्था १९९२ पासून तिथे एचआयव्हीवर काम करते. वेश्याव्यवसायातल्या बायकाच एकमेकींना निरोध वाटत, दवाखान्यात नेत, पोलिसांशी बोलत. त्यातून १९९६ मध्ये त्यांची स्वतःची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली. २००३ मध्ये अमेरिकेत कायदा झाला, की एड्ससाठी त्यांचा निधी घेणाऱ्या संस्थेने वेश्याव्यवसायाला आपला विरोध असल्याचं धोरण जाहीर केलं पाहिजे. म्हणजे ज्या बायकांच्या बळावर काम चाललंय, त्यांच्याविरुद्ध सही करायची आणि मग त्यांच्या हातात निरोधाचं पाकीट द्यायचं. संग्रामने २००५ मध्ये तो निधी सोडला. पुढे २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या देशातल्या संस्थांपुरती ही अट घटनाबाह्य ठरवली. २०२० मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की परदेशातल्या संलग्न संस्थांना ते संरक्षण नाही.

इथे कोणाची संस्कृती आड आली, सांगा. अट अमेरिकेतल्या नीतिकल्पनेतून आली, आणि तिच्यापुढे गोकुळनगरच्या बायकांचा रोजचा अनुभव उभा होता. तुमच्या हातात करार येईल तेव्हा त्याच्या शेवटच्या पानावरच्या अटी याच नजरेने वाचा. सगळ्याच वाईट नसतात. बालकांच्या सुरक्षेची अट आली तेव्हा आम्ही कुरकुरलो होतो, पण तिच्यामुळे आमच्या वसतिगृहांतल्या काही सवयी मोडल्या, आणि त्या मोडायलाच हव्या होत्या.

साताऱ्याजवळचं फुलांचं कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ३९ स्थळांपैकी एक म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. गर्दी वाढली. फुलं वाचवायला जाळीचं कुंपण आलं, आणि गुरं आत येईनाशी झाली. गवत माजून फुलं दबतात, हे आजूबाजूच्या गावांतले लोक सांगत राहिले. अभ्यासकांनीही तो मुद्दा उचलला आणि पुढे कुंपण निघालं. पिढ्यान् पिढ्या गुरं चरत होती म्हणून पठार तसं होतं, ही गोष्ट यादीत नाव लागल्यावर कळावी याचं मला वाईट वाटतं. तिकडे तासगावच्या द्राक्षवाल्यांना परदेशाने वेगळीच सवय लावली. २०१० मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वॉट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले आणि माल अडकला. त्यानंतर निर्यातदार बागायतदार फवारणीची तारीख, औषध आणि मात्रा वहीत लिहू लागला. बापाने कधी वही धरली नव्हती, मुलगा लॅबचा रिपोर्ट वाचतो. हाही संस्कृतीतलाच बदल, आणि चांगला. मात्र निर्यातीचा डबा वेगळा आणि आपल्या बाजारात जाणारा डबा वेगळा, ही सवयही त्याच्यासोबत पडली.

बदल बाहेरूनच येतो असंही नाही. येरळा नदीवर बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी १९८० च्या दशकात बळीराजा धरणाचं काम हाती घेतलं. नदीची वाळू गावानेच विकून पैसा उभा करायचा, आणि पाणी जमिनीच्या एकरांवर न वाटता माणसांवर वाटायचं, भूमिहीनालाही वाटा, असा तो विचार. पाण्याची मालकी जमिनीबरोबर जाते ही खोलवर रुजलेली समजूत खानापूर तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी स्वतःच मोडायला घेतली. सांगलीला लागून असलेल्या शिरोळ तालुक्यात हेरवाडच्या ग्रामसभेने ४ मे २०२२ ला विधवांच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद करण्याचा ठराव केला. शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचाच तो आठवडा होता. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. एखादी चाल मोडायला आपल्याच परंपरेतला आधार सापडला की गावातली म्हातारी माणसंही बरोबर येतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवलं, त्या वसतिगृहाला पुढे शाहू महाराजांचंच नाव दिलं गेलं.

पैशाचं आताचं चित्रही माहीत असू द्या. परकीय देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली आणि एका संस्थेने घेतलेला निधी दुसऱ्या संस्थेला देणं बंद झालं. जत, आटपाडीतल्या लहान संस्थांना मोठ्या संस्थांमार्फतच पैसा मिळायचा. वस्तीवरची बोली आणि भावकी जाणणारी माणसं त्या लहान संस्थांतच होती. १ जुलै २०२५ ला अमेरिकेची परदेशी मदत देणारी यूएसएड ही यंत्रणाच मिटली. कंपन्यांनी नफ्यातून सामाजिक कामाला द्यायचा दोन टक्क्यांचा निधी (सीएसआर) २०१४ पासून आला, त्याची चालरीत वेगळी: तिमाही, फोटो, ३१ मार्च. मार्च अखेरीस खर्च उरकायची घाई असते, आणि आपल्याकडे चैत्रातल्या यात्रा, लग्नसराई आणि टँकर यांचा तोच काळ. मंजुरी जुलैत येते, तेव्हा खड्डे खणायची वेळ गेलेली असते.

म्हणून रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात तुमच्या प्रत्येक गावाची यात्रा कधी असते ते विचारून घ्या. यात्रेला मुंबईकर येतात, माथाडीतले, गिरणीतून निवृत्त झालेले. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, कामासाठी देशभर गेलेली माणसं येतात. धनगरांचे वाडे जवळपास असतील तर तेही येतात. सगळं गाव वर्षातून त्या दोनच दिवशी गावात असतं.

खटावमधल्या एका गावात आम्ही दोन वर्षं पाणी योजनेचा हिशोब जाहीर वाचायचा प्रयत्न करत होतो. सभेला बारा माणसं यायची. त्या साली मी यात्रेच्या दुसऱ्या दिवशी तिथे होते. कुस्त्यांचं मैदान झालं आणि देवळासमोर मंडपात यात्रा कमिटीने माइकवरून वर्गणीचा हिशोब वाचायला घेतला. कुणाचे किती आले, बँडला किती, पैलवानांच्या इनामाला किती, नारळाची किती पोती. चारशे माणसं शांत बसून ऐकत होती आणि चुकलं की जागेवरून टोकत होती. आम्ही जो प्रकार बाहेरून शिकवायला आलो होतो तो इथे वर्षानुवर्षं चालला होता. मी कमिटीच्या अध्यक्षांना विनंती केली, आणि त्यांनी त्याच माइकवरून पाणी योजनेचा हिशोब वाचला. सिमेंटच्या पोत्यांच्या आकड्यावर एका गवंड्याने हात वर केला, पावती मागवली, आकडा दुरुस्त झाला.

मंडपात बायका नव्हत्या. त्या देवळामागे पुरणपोळ्यांच्या चुलीपाशी होत्या, माहेरवाशिणी आणि सुना. मी वही घेऊन तिकडे गेले आणि तोच हिशोब पुन्हा वाचला. एक बाई पोळी उलटता उलटता म्हणाली, "तोट्या बारा लिवल्यात नव्हं? आमच्या आळीत एक बी न्हाई. मोजा जावा." आम्ही मोजायला गेलो. नऊ निघाल्या.